तंबू कोठे ठोकावा?

सुटीत मुलाबाळांसह तंबू घेऊन रानात दोन रात्री काढण्याची हौस आपल्या मध्यमवर्गात वाढीस लागली आहे. तिचे आम्ही स्वागतच करतो. तीन दगडांच्या चुलीवरचा भात खाऊन चांदण्यांखाली निजलेल्या मुलाची आपल्या भूमीशी जवळीक जडते. मात्र तिची ओळख करून देणारे कोणी हवे. नाहीतर गुंफा म्हणजे अंधारी खोली आणि किल्ला म्हणजे छायाचित्रामागचा पडदा, एवढेच त्याच्या पदरी पडते.

त्यासाठी अजिंठा-वेरूळलाच जायला हवे असे नाही. साखळीजवळ हरवळेला जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या म्हणतात, आत मात्र शिवलिंगे आहेत. खांडेपारच्या गुंफेत छतावर कमळ कोरलेले आहे. उसगाळीमळ येथे कुशावतीकाठच्या कातळावर आदिमानवाने बैल व हरणे कोरली. १९९३ साली ती अभ्यासकांसमोर आली. जांभा हा सच्छिद्र, झिजणारा दगड. त्यावर चूल पेटविणे, नावे खरडणे वा चित्रांवरून धावणे म्हणजे पूर्वजांचे हस्ताक्षर पुसणे होय. तंबू तेथून दूर ठोकावा आणि मुलांना तसे का, हेही सांगावे.

परंतु सहल एवढ्यावर संपू नये. परतीची वाट पत्रादेवीवरून जावी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी तेथे गोळ्या झाडल्या. ते नाना प्रांतांतून आले होते. गोव्यात त्यांचे घरदार नव्हते. मग आग्वाद गाठावा. १६१२ साली उभ्या राहिलेल्या या किल्ल्याच्या तुरुंगात १९४६ साली त्रिस्ताव द ब्रागांझ कुन्हा यांना डांबले आणि तेथून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. आज त्या तुरुंगाचे संग्रहालय झाले आहे. समुद्र सुंदर दिसतो खरा. पण तोच समुद्र कोठडीतून कसा भासत असेल, हा प्रश्न आईबापांनी मुलांना विचारावयास हवा.

फलक सनावळी सांगतो, ममत्व देत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा काळ भोगलेली माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. आपल्या घरात असे कोणी वडीलधारे असेल तर या सहलीत त्यांना आग्रहाने सोबत न्यावे. रात्री शेकोटीपाशी त्यांनी सांगितलेली एक आठवण दहा पाठ्यपुस्तकांहून अधिक काळ टिकेल. ती संधी पुढच्या सुटीवर ढकलण्याजोगी नाही.