मातीचा तास

परवा नातू शाळेतून हिरमुसला होऊन आला. परीक्षा तोंडावर आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी घेतला होता. ‘बरंच झालं की!’ मी बोलून गेलो. उभा जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेलेला. दुसरं काय सुचणार? पण लगेच देवीप्रसाद आठवले आणि ओशाळलो.

शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले. गांधीजींच्या ‘नयी तालीम’मध्ये ते कलाशिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत तिथेच रमले. पुढे लंडनमध्ये युद्धविरोधी चळवळीची धुरा त्यांनी वाहिली. १९८३ साली ते भारतात परतले, २०११ साली गेले. कुंभाराच्या चाकावरचं त्यांचं प्रेम मात्र कधी आटलं नाही. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, असं ते मानत. त्याच आशयाच्या नावाचं त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं.

हे मला उशिरा पटलं. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसला नाही, तर भांडं डगमगतं. तिथे घोकंपट्टी चालत नाही, वशिलाही नाही. धीर धरावा लागतो, मोडलं तर पुन्हा मळावं लागतं. हे कोणत्या गणितात शिकवतात?

माझ्या मुलाची चित्रांची वही मी एकदा रद्दीत घातली होती. त्यानंतर त्याने चित्र काढलं नाही. उद्या मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. नातवाचा तास परत मागायला.