आधी फ्यूज, मग चार्जर!

ऑफिसातून दमून आल्यावर लोक टीव्ही लावतात, मी पाना-पक्कड काढतो. बाईकच्या सीटचा दबलेला फोम बदलला, हँडलला मऊ ग्रिप चढवल्या. पाठ खूश, हात खूश! मग वाटलं, मोबाइल चार्जरही आपणच बसवू. त्यात काय, दोनच तर वायरी!

लाल थेट बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. महिनाभर मस्त चाललं. आणि एका रविवारी, ताम्हिणी घाटात, ऐन पावसात, टाकीखालून धूर! हँडल वळलं की लाल वायर चेसीला घासत होती. आवरण सोललं, तांबं लोखंडाला टेकलं, शॉर्ट! पेट्रोल वीतभर वर. वायर जळून तुटली म्हणून वाचलो. मागे बसलेली बायको एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण वायर पेटवायला तेवढी बॅटरी पुरते. 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा चार्जर बॅटरीतून जेमतेम 1 अँपिअर ओढतो. त्याला 3 अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. तो प्लसच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर उघडीच! हँडलपाशी वायर थोडी सैल ठेवा, वर स्लीव्ह चढवा. आणि काम सुरू करताना आधी मायनस सोडवा.

आता बायको हेल्मेट घालण्याआधी विचारते, “फ्यूज घातलास ना?”