सरकीवरची लव कोणाची?

लासूर स्टेशनच्या बाजारात कापसाची गाडी खाली झाली, वजन झाले, पट्टी हातात पडली, की शेतकऱ्याचा आणि कापसाचा संबंध संपतो. पुढे जिनिंगमध्ये साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि बाकी सरकी. त्या सरकीला बारीक लव चिकटून राहते. तिला लिंटर म्हणतात. आपल्याकडे बहुतेक सरकी ती लव न काढताच घाण्यात जाते आणि लव पेंडीबरोबर जनावराच्या पोटात. स्वच्छ केली तर ही लव म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. कृषीची पदवी घेताना आम्हाला बोंडअळी शिकवली, खताची मात्रा शिकवली. या लवेचा भाव कोणी शिकवला नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. शहरात आता सोललेला कांदा, चिरलेली भाजी, कापलेले फळ पाकिटातून विकले जाते. अख्ख्या फळाला सालीचे संरक्षण असते. सुरी लागली की पेशी फुटतात, श्वसन वाढते, हवेने काप काळवंडतात आणि सुटलेल्या रसावर जंतू पोसतात. हा माल गुंडाळायला आज खनिज तेलापासून केलेले प्लॅस्टिक वापरतात. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. त्यामुळे दुसऱ्या आवरणाचा शोध जोरात आहे.

ते आवरण पिकातूनच होऊ शकते. मिठाईवरचा चमकणारा सेलोफेन हा वनस्पतीच्या सेल्युलोजचाच कागद. ज्वारीच्या दाण्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. त्याची पातळ फिल्म होते. ग्लिसरीन घातले की ती लवचिक राहते. पण ती ओल धरते आणि लवकर फाटते. तिला बळ येते सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंनी, म्हणजे आपल्या लवेने. ज्वारीतलेच काफिरिन हे प्रथिन पाण्याला दाद देत नाही. त्यात लवंगेच्या तेलासारखा अर्क मिसळला की बुरशी आटोक्यात राहते. अशी फिल्म नुसती झाकत नाही, माल राखण्याचे कामही करते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने कापसापासून असे सूक्ष्म सेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे.

मात्र कोणी गावात येऊन उद्याच कारखाना काढू म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ही फिल्म अजून प्लॅस्टिकपेक्षा महाग पडते. ती आली म्हणून शीतगृहाची गरज संपत नाही. हवा अजिबात खेळली नाही तर आतला माल आंबतो. तेल जास्त झाले तर कांद्याला लवंगेचा वास. पावसात काळी पडलेली ज्वारी इथे खपेल असेही वाटेल; पण बुरशीचे विष अन्नाला लागणार नाही, याची तपासणी झाल्याशिवाय ती वापरता येणार नाही.

तरीही गप्प बसून चालणार नाही. रुई गेली, सरकी गेली. आता लवेचा आणि स्टार्चचा बाजार उभा राहील, आणि आपण पुन्हा फाटकाबाहेर वजनाची पावती घेऊन उभे राहू. तंत्र तयार झाल्यावर हिस्सा मागणाऱ्याला कोणी हिस्सा देत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, आपल्या भागातल्या जिनिंग आणि तेलघाणीवाल्यांना विचारावे की लव वेगळी काढली तर खर्च किती आणि मिळकत किती. दोन, संशोधन संस्थांकडे मागणी करावी की चाचणी लासूरच्या कांद्यावर, आपल्या उन्हाळ्यात व्हावी आणि तिचा हिशेब मराठीत मिळावा. तीन, कापूस विकताना रुईच्या उताऱ्याबरोबर सरकीचा भावही विचारावा. हे तिसरे काम उद्याच्या बाजारापासून करता येते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.