जूनचा पगार

मे महिन्याची पंधरा तारीख उलटली की आम्हा ट्रकमालकांना एकच विषय उरतो. कसालच्या तिठ्यावर चहाला चार जण जमले की डिझेल, टायर, विमा सगळं मागे पडतं आणि बोलणं ड्रायव्हरांवर येतं. ‘ह्येंका कितीय दिलास तरी पुरणा नाय.’ ‘दोन हजार जास्त दिसले की चावी टेबलावर.’ ‘उचल घेवन पळतत.’ परवा एकाने व्हॉट्सअॅपवर यादीच टाकली. उचल बुडवून गेलेले ड्रायव्हर, फोटोसकट. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही, ते तिथे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी मालवण तालुक्यातला. दोन वर्षं क्लीनर आणि एकवीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. सहा चाकी मासळीची, तीच मार्चपासून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जाते. दहा चाकी चिऱ्याची, ती घाट चढून कोल्हापूरला जाते आणि येताना सिमेंट नाहीतर मिळेल ते परतीचं भाडं आणते. ड्रायव्हर असताना मी आठ मालक बदलले. म्हणजे त्या काळात व्हॉट्सअॅप असतं तर यादीत माझाही फोटो असता, तोही बहुधा मिशीसकट.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर माझ्या सहा चाकीवरचा देवबागचा पोरगा सोडून गेला. त्याला माझ्याकडे महिना १४ हजार पगार आणि वाशीच्या दर फेरीला दीड हजार भत्ता होता. एप्रिलमध्ये आठ फेऱ्या झाल्या, २६ हजार हातात पडले. तरी गेला. कुठे गेला? बांद्यापलीकडे गोव्यात, एका हॉटेलची गाडी चालवायला. मोपाच्या विमानतळावरून पाहुणे आणायचे आणि सोडायचे. पगार २० हजार. जास्त पैशासाठी उडी मारतात म्हणणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावं. सहा हजार कमी घेऊन गेला तो.

हिशोब करायला आला तेव्हा मी थोडा फणकारूनच विचारलं, काय कमी पडलं? तो म्हणाला, “तात्यानू, तुमचा काय नाय. पण वाशीत दोन दिस बसान होतंय, त्याचे पैशे कोण देतलो? आनी जूनात काय करू?”

त्या दोन वाक्यांत सगळं आलं.

आधी जूनचं सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. चिऱ्याच्या खाणीत पाणी भरतं, तेही काम थांबतं. कॅनिंगचा आंबा मेअखेर संपतो. माझी सहा चाकी दोन महिने अंगणात ताडपत्रीखाली उभी. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर मासळी जेमतेम सुरू होते तोवर चतुर्थी आली. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी असते, म्हणजे दहा चाकी परत उभी. गाडी उभी तर भत्ता नाही, आणि बहुतेक मालक या दिवसांत पगारही देत नाहीत. ‘काम नाय तर पगार कसलो?’ ऐकायला बरोबर वाटतं. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. पण मग मालक ज्याला ‘माझ्याकडे २५-२६ हजार पडतात’ म्हणतो ते वर्षातले फार तर चार-पाच महिने पडतात. ड्रायव्हर ३० मागतो तेव्हा आम्हाला वाटतं पोरगा माजला. तो बारा महिने डोक्यात धरून मागत असतो आणि आम्ही एप्रिल डोक्यात धरून ऐकत असतो.

आता वाशीचं. पेट्या संध्याकाळी भरतात, मालवणातून निघायला सात-आठ वाजतात. पाचशेच्या आसपास किलोमीटर, रात्रभराचं काम. पोचल्यावर खरी गंमत सुरू होते. आवक जास्त असली की गाडी खाली होत नाही. खाली झाली तर परतीचं भाडं नाही. रिकामी आणायची तर डिझेल माझ्या अंगावर, म्हणून मीच फोनवर सांगतो, ‘थांब जरा, बघूया.’ हा ‘जरा’ कधी दीड दिवसाचा, कधी दोन. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, पैसे देऊन अंघोळ करतो, हॉटेलात जेवतो. मासळीची गाडी असेल तर धाब्यावालाही लांब उभी करायला लावतो, कारण खालून बर्फाचं वासाचं पाणी टिपकत असतं. महिन्यात आठच्या जागी पाच फेऱ्या झाल्या की साडेचार हजार गेले, आणि ते गेले माझ्या ‘जरा’मुळे.

घाटातही तेच. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद झाला तो वर्षभराहून अधिक बंद राहिला. चिऱ्याच्या गाड्या फोंडा घाटाने फिरल्या. फेरीला वेळ जास्त, डिझेल जास्त. डिझेलचा फरक मी चिरेवाल्याकडून भांडून घेतला. ड्रायव्हरच्या वेळेचा फरक कोणाकडे मागायचा असतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९९ मध्ये कोकण रेल्वेने रो-रो सुरू केली. कोलाडला भरलेला ट्रक वॅगनवर चढवायचा आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. मीही गेलो आहे. आपण आपल्याच केबिनमध्ये, स्टेअरिंग समोर, आणि बाहेर बोगदे पळताहेत. तेव्हाच्या मालकाने त्या फेरीचा भत्ता निम्मा केला. कारण काय, तर ‘तू काय चालवलस? बसान इलस!’ म्हणजे गाडी उभी आणि माणूस जागा, तरी पैसे नाहीत. गाडी धावतेय आणि माणूस बसलाय, तरी पुरे पैसे नाहीत. त्या मालकाला मी दोन महिन्यांत सोडलं. उचल फेडून सोडलं हे माझ्यासाठी बरं झालं.

उचलीबद्दल आम्ही मालक फार हळवे आहोत. पण उचल देतो कोण आणि का? पावसाळ्यात पगार द्यायचा नसतो म्हणून मे महिन्यात दहा-पंधरा हजार उचल द्यायची, म्हणजे ऑगस्टमध्ये तो दुसरीकडे जाणार नाही. पगाराच्या जागी आम्ही दावं बांधतो आणि दावं तोडलं की चोर म्हणतो.

आमच्या किनाऱ्यावर दुसरंही एक दृश्य आहे. घरटी नाही तरी वाडीत दोन-चार पोरगे बोटीवर असतात. सहा-नऊ महिन्यांचं कंत्राट, मग घरी, मग पुढचं कंत्राट बहुधा दुसऱ्याच कंपनीत. त्याला कोणी बेभरवशाचा म्हणत नाही. उलट ‘मोठ्या कंपनीत लागलो’ म्हणून पेढे वाटतात. जहाज बंदराबाहेर आठ दिवस नांगरून पडलं तरी त्याचा पगार चालू. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, भारतानेही तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. एकाच घरात एक भाऊ जहाजावर आणि दुसरा ट्रकवर, अशी घरं मला माहीत आहेत. दोघेही नोकऱ्या बदलतात. नावं फक्त एकाला ठेवतात.

ट्रकवाल्यासाठी कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला थोडी सवलत. पण तो लागू कोणाला? पाच किंवा जास्त कामगार असतील त्याला. माझ्याकडे दोन ड्रायव्हर आणि एक क्लीनर, मिळून तीन. तिठ्यावर चहा पिणारे आम्ही सगळे असेच दोन-तीन गाड्यांचे. २०२० च्या श्रम संहितेत तो कायदा आता विरघळला आहे. माझ्या केबिनमध्ये त्याने काही बदललेलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच झालं, पण माझ्या दोन्ही गाड्या जुन्या. २०२४ च्या जानेवारीत अपघाताच्या नव्या कलमावरून देशभर ड्रायव्हरांनी गाड्या सोडल्या आणि दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा तिठ्यावर सगळे म्हणाले, ड्रायव्हरशिवाय काय खरं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा मूळ पदावर. त्याच वर्षी राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुटेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात ड्रायव्हरही होते. आमचा दहा चाकीवरचा ड्रायव्हर तेव्हा महिनाभर मला ‘गुटेन मॉर्गन’ म्हणायचा. मी हसायचो, पण घरी येऊन बायकोला म्हटलं, हा गेला तर?

तो गेला नाही. त्याने माझ्यापुढे वही ठेवली. शाळेची शंभर पानी, कडेला ग्रीसचे डाग. त्यात तारखा आणि समोर तास: कुठे किती वेळ उभा होता. वाशी एकतीस तास. कोल्हापूर नऊ. आणि एका ओळीपुढे त्याने लिहिलं होतं, ‘शेटान हॉल्टिंग घेतला’. खरं होतं. सिमेंटवाल्याने दोन दिवस गाडी अडवली म्हणून मी हॉल्टिंगचे पैसे घेतले होते आणि ते माझ्याच खिशात राहिले होते. गाडी माझी म्हणून. गाडीत तो होता, हे मी मोजलंच नव्हतं. रापणीच्या जाळ्याची दोरी ओढणाऱ्याला मासळीत वाटा असतो हे लहानपणापासून बघितलेला माणूस मी.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. हॉल्टिंग मिळेल त्यात निम्मं ड्रायव्हरचं, आणि मी स्वतः परतीच्या भाड्यासाठी थांबवलं तर दिवसाला ठरावीक रक्कम माझ्याकडून. दुसरं, जून आणि जुलै निम्मा पगार, सात-सात हजार, उचल म्हणून नाही, पगार म्हणून. माणशी १४ हजार वर्षाला. ऑगस्टमध्ये नवा ड्रायव्हर आणला की क्लचप्लेट आणि अॅव्हरेजमध्ये ते पैसे तसेही जातात, फक्त वहीत दिसत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात हे पहिल्यांदा केलं. दहा चाकीवाला टिकला. सहा चाकीवरच्या नव्या पोराने दोन्ही महिन्यांचा निम्मा पगार घेतला आणि ऑगस्टच्या चौथ्या दिवशी फोन बंद. तिठ्यावर माझी यथेच्छ थट्टा झाली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मीही ग्रुपवर त्याचं नाव टाइप केलं होतं. मग खोडलं.

आंबा बागायतदारांना, मासळीच्या व्यापाऱ्यांना आणि आम्हाला भाडी देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना माझं एक सांगणं आहे. बिल्टीवर भाड्याच्या खाली हॉल्टिंगचा दर छापा. किती तासांनंतर, किती रुपये, आणि त्यातले ड्रायव्हरचे किती. आज तो दर तोंडी असतो, आणि तोंडी दर शेवटच्या माणसापर्यंत कधीच पोचत नाही. दोन गाड्यांचा मालक एकटा हे मागायला गेला तर पुढच्या वेळी त्याला माल मिळत नाही. यादी करायचीच असेल तर गाड्या अडवून ठेवणाऱ्यांची करूया, तिला मी पहिला अंगठा देतो.

आत्ताच दहा चाकीवाल्याचा फोन आला. गाडी गगनबावड्याला होती, मागे वायपरचा आवाज येत होता, वळवाचा पाऊस असणार.

“तात्यानू, जूनाचा गेल्या वर्षासारखाच मां?”

म्हटलं, होय.

“आनी चतुर्थीक किती दिस?”

“तीन.”

“पाच होये.”

“चार.”

“तात्यानू, आमचो गणपती पाच दिवसांचो.”

घाटात रेंज गेली. आता तो खाली उतरला की परत फोन करील.