सौम्य पक्षाघात आणि रक्तदाबाचे नियमन

25 नोव्हेंबर 1957 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर मोरोक्कोच्या राजांचे विमानतळावर स्वागत करून आपल्या कचेरीत परतले. टेबलाशी बसले असता मनात असलेले शब्द त्यांच्या जिभेवर येईनात. येत ते भलतेच येत. मेंदूतील रोहिणीच्या एका लहान शाखेत रक्ताचा प्रवाह अडला होता. काही दिवसांतच त्यांची वाचा बरीचशी पूर्ववत झाली, डिसेंबरात ते पॅरिसच्या परिषदेला जाऊन आले व जानेवारी 1961 मध्ये आपली मुदत पुरी करूनच निवृत्त झाले. अशा आजारालाच वैद्यकात सौम्य पक्षाघात म्हणतात.

हे नाव यथार्थ असले तरी ते रुग्णाची दिशाभूल करते. ‘सौम्य’ हे विशेषण मेंदूची हानी किती झाली एवढेच सांगते. ती ज्या कारणाने झाली ते कारण सौम्य आहे, असे त्याचे म्हणणे नसते. बोट आखडले, तोंड किंचित वाकडे झाले, चार दिवसांत सारे सुरळीत झाले, की घरचे लोक ‘थोडक्यात निभावले’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः सौम्य झटक्यानंतरचे पहिले काही आठवडेच दुसऱ्या झटक्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, आणि तो दुसरा झटका सौम्यच असेल याची हमी कोणालाही देता येत नाही.

पक्षाघातास कारणीभूत होणाऱ्या दोषांत उच्च रक्तदाबाचे स्थान पहिले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या रोहिण्यांपासून केसासारख्या बारीक शाखा जवळजवळ काटकोनात निघून मेंदूच्या अंतर्भागात शिरतात. इतर अवयवांत रोहिणीला फाटे फुटत फुटत रक्ताचा जोर ओसरतो. येथे मात्र मोठ्या वाहिनीतला दाब थेट लहान वाहिनीवर येऊन पडतो. वर्षानुवर्षे तो सोसता सोसता या शाखांच्या भिंती जाड व कडक होतात आणि आतली पोकळी अरुंद होत जाते. पुढे एखादी शाखा बंद पडते, किंवा फुटते. रोग एकाच शाखेपुरता नसतो हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. जी बंद पडली तिच्या शेजारच्या दहा शाखाही त्याच वाटेवर असतात, आणि रुग्णाला त्याची कसलीच जाणीव नसते.

दाब खाली आणावयाचा तो केव्हा, याविषयी मात्र घाई उपयोगाची नाही. झटक्याच्या पहिल्या दिवशी रक्तदाब बहुधा वाढलेलाच आढळतो. रोहिणी बंद पडल्यामुळे जो भाग अर्धवट उपाशी राहिलेला असतो, त्याला आजूबाजूने मिळणारे थोडेफार रक्त या वाढलेल्या दाबावरच अवलंबून असते. म्हणून गुठळी विरघळविण्याचे औषध द्यावयाचे नसेल, आणि दाब 220/120 च्या वर गेलेला नसेल, तर पहिला दिवसभर डॉक्टर सहसा तो एकदम उतरवीत नाहीत. शेजाऱ्याच्या डबीतील गोळी जिभेखाली ठेवण्याची जी चाल ठिकठिकाणी दिसते, ती या दृष्टीने घातक आहे. झटक्याच्या वेळी घरच्यांचे काम एकच: ज्या रुग्णालयात मेंदूचे छायाचित्र घेण्याची सोय आहे, तेथे विनाविलंब पोहोचणे.

पुढे प्रकृती स्थिरावली की चित्र पालटते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 10 देशांतील 6,105 रुग्णांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. या सर्वांना पूर्वी पक्षाघात किंवा त्याची क्षणिक चाहूल येऊन गेली होती. ज्यांना रक्तदाबाचे खरे औषध दिले त्यांचा वरचा दाब सरासरी 9 व खालचा 4 मिलिमीटरनी उतरला. तेवढ्यानेही पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण 14 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आले. ज्यांचा दाब मुळात उच्च समजला जात नव्हता त्यांनाही लाभ झाला, ही या चाचणीतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. 2007 साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी दुसरी बाजू दाखविली. सौम्य झटक्यानंतर औषधयोजना सुरू होण्यास पूर्वी तेथे साधारण 20 दिवस लागत. ती एका दिवसावर आणली, तेव्हा 90 दिवसांतील पुन्हा झटका येण्याचे प्रमाण 10.3 टक्क्यांवरून 2.1 टक्के झाले. यात रक्त गोठू न देणारी व रक्तातील चरबी उतरविणारी औषधेही होती. सारे श्रेय रक्तदाबाला देता येणार नाही. परंतु विलंबाची किंमत केवढी असते ते त्यावरून कळते.

आज बहुतेक तज्ज्ञ अशा रुग्णाचा दाब 130/80 च्या खाली असावा असे मानतात. वृद्धाला उभे राहताच घेरी येत असेल, किंवा मानेतील मोठी रोहिणी फार अरुंद झाली असेल, तर हे अंतर सावकाश कापावे लागते. तो निर्णय डॉक्टरांचा.

या कामासाठी साधनांची वाण आता उरलेली नाही. 1944 च्या मार्चमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब 186/108 भरला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती मीठ कमी करणे व विश्रांती यांपलीकडे फारसे काही नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला व जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वेधले. पुढे तिच्यापासून काढलेले औषध मनाला खिन्नता आणते असे दिसल्यावर मागे पडले आणि त्याहून सुरक्षित गोळ्या आल्या. (घरी मुळी उगाळून घेणाऱ्यांनी एवढे जाणावे की, उगाळीत मात्रा किती उतरते ते कोणालाच मोजता येत नाही.) आजच्या गोळ्या दिवसातून एकदा घ्यावयाच्या, स्वस्त व सरकारी दवाखान्यांत मिळणाऱ्या आहेत.

मग अडते कोठे? रुग्णाला बरे वाटते, येथेच बहुतेक वेळा अडते. गोळी घेऊन दुखणे थांबले असे त्याला कधी अनुभवास येत नाही, कारण दुखत मुळी नव्हतेच. महिन्याची पुडी संपते, दवाखाना दूर असतो, एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ‘आता दाब नॉर्मल आला’ या समाधानात गोळी सुटते. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही.

नुसता उपदेश पुरत नाही, हे याच देशात तपासून झाले आहे. 31 केंद्रांतील 4,298 रुग्णांवर झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत निम्म्या रुग्णांना त्यांच्या भाषेत संदेश, चित्रफिती व एक पुस्तिका देण्यात आली. त्यांच्यातील व्यसने काहीशी घटली, औषध घेण्यातही थोडी सुधारणा झाली. परंतु पुढील वर्षात पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटले नाही. पुस्तिका छापणाऱ्यांना हा निकाल रुचणारा नाही, तरी तो सांगितला पाहिजे. याउलट 2017 च्या अखेरीस ज्या राष्ट्रीय उपक्रमाचा आरंभ पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत झाला, त्यात भर गोळ्यांवर आहे: औषधे ठरावीक, 30 दिवसांची एकदम, शक्य तेथे गावच्या उपकेंद्रातच, आणि न आलेल्या रुग्णाचा शोध. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभीच्या यादीत होते. पक्षाघातातून उठलेल्या प्रत्येकाचे नाव रुग्णालयातून घरी जातानाच अशा नोंदवहीत चढले पाहिजे. त्याच्या स्मरणशक्तीवर ते सोपविणे योग्य नव्हे.

घरात बॅटरीवर चालणारे मापनयंत्र असल्यास तेही उपयोगी पडते, मात्र पट्टा दंडावर बांधावयाचा असावा. मनगटावरची यंत्रे तितकीशी भरवशाची नसतात. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास गेलेला असावा, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये. सकाळी गोळीपूर्वी व रात्री, प्रत्येक वेळी दोन मापे घ्यावीत व ती लिहून ठेवावीत. एका मोठ्या आकड्याने घाबरू नये. आठवड्याची सरासरी पाहावी, आणि वही पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवावी. स्वयंपाकात दिवसाकाठी माणशी 5 ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, आणि या हिशेबात लोणचे, पापड व सुकी मासळीही धरावयाची असते.