आमचं पाप नेमकं कोणतं?

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर बचत गटाच्या कामासाठी माझं जाणं असतं. तिथल्या एक मावशी ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात त्यांचा नवरा फडावरच गेला. त्याने घेतलेली उचल मुकादम आता मावशींकडून वसूल करतोय. मावशी हल्ली रविवारच्या प्रार्थनेला जातात. परवा म्हणाल्या, "ताई, आम्ही पापी होतो, म्हणून असं झालं. आता येशूनं माझं पाप धुतलं."

मी विचारलं, "मावशी, पाप कोणतं केलंत?"

त्या जरा थांबल्या. "ते काय माहीत नाही. पण माणूस जन्मतःच पापी असतो म्हणतात."

मित्रांनो, माझं भांडण या वाक्याशी आहे. मावशींशी नाही, त्यांच्या प्रार्थनेशीही नाही.

आधी ऋण मान्य करते. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. ज्यांना गावाने शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या महार-मांगांच्या मुलांच्या हाती मिशनने पाटी दिली. सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला नगरला मिस फरार यांच्याकडेच आल्या. हे विसरणं कृतघ्नपणा ठरेल. पण पाटी देणाऱ्याने सोबत दिलेली प्रत्येक गोष्ट डोळे मिटून घ्यावी, असं बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेलं नाही.

आदामाने आज्ञा मोडली, म्हणून सगळी माणसं पतित झाली. माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही, त्याला तारणारा हवा, ही शिकवण आमच्या वस्तीत आली तेव्हा तिने काय केलं? धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी नेमकं यावरच बोट ठेवलंय. इंग्रजी लेखनाच्या ५ व्या खंडात ते आहे, जरूर वाचा. त्यांचा मुद्दा असा: अस्पृश्याला आधी सांगितलं गेलं, तुझी दुर्दशा तुझ्या गतजन्मीच्या कर्मामुळे. चर्चमध्ये गेल्यावर सांगितलं गेलं, ती पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे ज्या समाजव्यवस्थेने त्याला खाली दाबलं, ती नामानिराळी. मग तिच्याविरुद्ध लढायची प्रेरणा येणार कुठून?

यावर पास्टर म्हणतील, "आम्ही फक्त तुम्हालाच पापी म्हणत नाही. पाटीलही पापी, कलेक्टरही पापी. देवापुढे सगळे सारखे." ऐकायला समता वाटते. पण श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना तिथे झाडाला उलटं टांगून मारलं. टांगणाराही पापी आणि टांगलेलाही पापी? सगळेच सारखे गुन्हेगार ठरले, की खरा गुन्हेगार गर्दीत लपतो. खर्डा, सोनई या गावांची नावं घेताना आपल्याला पापी शोधायचा नसतो, आरोपी शोधायचा असतो.

याच हरेगावात दरवर्षी सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. हजारो गरीब माणसं मोठ्या श्रद्धेने येतात. आणि याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनदार महार-मांगांची परिषद घेतली. तिथे त्यांनी आमच्या बापजाद्यांना पश्चात्ताप करायला सांगितलं नाही. वतनाचा हिशोब मांडला: काम किती, मोबदला किती, जमिनीवर सरकारचा भार किती. वतनाची गुलामी क्षमेने गेली नाही. बाबासाहेब १९२८ पासून कायदेमंडळात त्यासाठी भांडले आणि १९५८ च्या कायद्याने ती गेली.

ख्रिस्ती धर्म माणसाला ईश्वराचं प्रतिरूपही मानतो, हे मला ठाऊक आहे. अरविंद निर्मळ यांच्यासारख्या दलित ख्रिस्ती विचारवंतांनी तर दलितांच्या वेदनेतून नवी थिऑलॉजी मांडली. त्यांच्याशी आपली मैत्री आहे आणि राहील. पण वस्तीवरच्या प्रार्थनेत ती क्वचितच पोचते. तिथे पोचतो तो पापाचा धाक.

बुद्ध माणसाला निर्दोष म्हणत नाही. लोभ, द्वेष, मोह आपल्यात आहेतच. पण अकुशल कर्म आपण करतो. आपण जन्मतः अकुशल नसतो. जे केलं ते सोडता येतं, त्यासाठी कुणाचं रक्त लागत नाही. म्हणून बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता नाही, मार्गदाता म्हटलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण माफी मागितली नाही, प्रतिज्ञा घेतल्या.

आता आपल्याबद्दल. नवरा गेल्यावर मावशींच्या दारात पहिल्यांदा कोण आलं? प्रार्थनावाले. त्यांनी हात धरला, सोबत रडले. आपण १४ एप्रिलच्या वर्गणीला गेलो होतो. बुद्धिवाद सांगायला दारात जावं लागतं, हे आपण विसरलो.

परवा मी मावशींना एवढंच म्हटलं, "प्रार्थनेला जा, मी अडवणार नाही. पण उचलीची वही मुकादमाकडून मागून आणा. आपण हिशोब करू."

वही अजून मिळालेली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी मागायला जाणार आहोत. तुमच्या वस्तीतल्या मावशीसोबत तुम्ही जा.

जय भीम!