गोल गोल फिरणारी गाडी म्हणजे रेल्वे नव्हे

गेल्या सुट्टीत सोलापूरला घरी गेलो होतो. तिथं एका प्रदर्शनात मॉडेल रेल्वे मांडली होती. बर्फाचे डोंगर, लाल कौलांची घरं आणि त्यातून गोल गोल फिरणारी एक जर्मन एक्स्प्रेस. शेजारी लॅपटॉप, सगळं 'फुल्ली ऑटोमॅटिक' म्हणे. आणि अर्थातच पाटी: हात लावू नये. तिसऱ्या फेरीला शेजारचं पोरगं मित्राला म्हणालं, "काय बे, नुसतंच फिरालंय की!"

पोराचं शंभर टक्के बरोबर होतं. हा स्क्रीनसेव्हर झाला, रेल्वे नव्हे.

साध्या मॉडेलमध्ये रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करतात, त्यामुळे त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच पळतात. डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोलमध्ये त्याच रुळांतून वीजही जाते आणि आज्ञाही. प्रत्येक इंजिनात डीकोडर, प्रत्येकाचा वेगळा पत्ता. पॅकेट आपल्या पत्त्याचं नसेल तर इंजिन ढिम्म. नेटवर्किंगवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे एकाच रुळावर दोन इंजिनं, दोन ड्रायव्हर, दोन वेगळी कामं. आणि एवढी सोय करून आपण काय करतो? एक गाडी गोल फिरवतो!

मग काय बांधायचं? मी म्हणतो, कुर्डुवाडी.

एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून सुरू झाली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. रूळ अडीच फुटी. शेजारी मुंबई-मद्रासची ब्रॉड गेज. म्हणजे माल एका गाडीतून काढून दुसरीत भरायचा, वारकऱ्यांनी गाडी बदलायची, इंजिनाचं तोंड फिरवायचं, डबे लावायचे-काढायचे. चार जणांना तासभर पुरेल एवढं काम! डीसीसी याचसाठी आहे. गंमत म्हणजे 762 मिलिमीटरला 87 नं भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणजे बाजारात मिळणारे 9 मिलिमीटरचे रूळ बरोबर बसतात.

"पण पोरं मोडतोड करतात ना!" करतील. म्हणून गाडीला हात लावू देऊ नका, कंट्रोल द्या. आता मोबाइलवरूनही इंजिन चालवता येतं. "महाग पडतं"? डब्यात बंद आलेलं महागच पडणार. 2015 पासून डीसीसी प्लस प्लस आहे, ओपन सोर्स, आर्डुइनोवर चालणारं. आपण इंजिनिअर आहोत ना, की फक्त गिऱ्हाईक? पुण्यात भाऊ जोशींनी वर्षानुवर्षं खपून उभारलेलं कोथरूडचं लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला उघडलं, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

आणि हे वाचा. याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली. 1904 ला सुरू, 1934 ला बंद. अवघी तीस वर्षं! तिची मॉडेलं तिकडचे हौशी लोक आजही बांधतात. आपली बार्शी लाइट शंभर वर्षांहून जास्त धावली, 2000 नंतरच्या दशकात ब्रॉड गेज झाली, आणि आपण बर्फाचे डोंगर बांधतोय.

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या यार्डात होते. कुठला सांधा कुठं, वारीच्या दिवसांत डबे कुठं उभे करायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. मी कधी विचारलंच नाही. आता ते नाहीत. बॅकअप घेतला नाही, बस्स.

तुमच्या घरी, गल्लीत कुणी रेल्वेतून रिटायर झालेले काका असतील. पुढच्या वीकांताला इंजिनांचे कॅटलॉग चाळण्याआधी चौकटीचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसा. यार्ड काढून घ्या. रूळ नंतरही विकत मिळतील.